वजनकाट्यावरचा चरबीचा आकडा

तळवड्याच्या आयटी पार्कमधला एक तरुण परवा मोबाइल पुढे करून म्हणाला, "डॉक्टर, नाइट शिफ्टवरून आल्यावर चरबी २९ टक्के, संध्याकाळी जिमनंतर २५. खरं कुठलं?"

दोन्ही अंदाजच. काटा चरबी मोजत नाही. एका पायातून अगदी सौम्य वीज सोडतो आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, तिथून ती सहज जाते, चरबीत अडते. त्या अडथळ्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज, पाण्यावरून स्नायू-हाडांचा, आणि वजनातून ते वजा करून उरेल ती चरबी. रात्रभर पाणी कमी प्यालात की अडथळा वाढतो, चरबी जास्त दिसते. व्यायामाने अंग तापलं, त्वचेतलं रक्त वाढलं की कमी दिसते. या हिशेबात तुमचं वय, उंची, स्त्री की पुरुष हेही धरलेलं असतं. ॲपमध्ये वय दहा वर्षांनी वाढवून पाहा. शरीर तेच, पण बहुतेक काट्यांवर आकडा बदलेल.

मला खरी काळजी पोटाची वाटते. पायांतून गेलेली वीज पोटात फारशी शिरतच नाही, आणि आपल्याकडे चरबी साठते तिथेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. डेक्सा या क्ष-किरण तपासणीत युडकिन यांची चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! दिसायला सडपातळ असणं आपल्याला पुरत नाही. त्यात परदेशी लोकांवर बसवलेलं सूत्र आपल्या अंगाला लावलं, तर चूक आणखी वाढू शकते.

काटा घरात असेलच तर आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, कोरड्या पायांनी उभे राहा. दोन-तीन महिन्यांत आकडा कुठे सरकतो तेवढं पाहा. पाळीच्या दिवसांत किंवा पायांवर सूज असताना मोजू नका. पेसमेकर असेल तर या काट्यावर चढूच नका.

आणि शिंप्याची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० ही मर्यादा; त्यापुढे मधुमेहाचा धोका वाढतो.

त्या तरुणाचं माप ९४ भरलं. त्याला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासायला बोलावलं.