त्रेसष्ट की छत्तीस?

आपल्या शाळेत प्राथमिकच्या मुलांना आठवड्यातून एक तास संगणकावर गणिताचे ऑनलाइन खेळ खेळू देतो. मुले त्या तासाची वाट पाहतात. याने पाढे पक्के होतात का, असे पालक विचारतात. एक प्रसंग सांगते.

वरून उदाहरणे पडतात आणि ती खाली पोचण्याआधी उत्तर टाइप करायचे, असा एक खेळ आहे. तिसरीतली एक मुलगी तो खेळत होती. ७ × ९ आले. तिने ३६ टाइप केले. लाल फुली! पुन्हा आले, पुन्हा ३६. खेळाने तिला थेट दोनच्या पाढ्यावर परत पाठवले. मी शेजारी बसले आणि म्हटले, "बाळ, मोठ्याने म्हण बघू." ती लगेच म्हणाली, "सात नवे त्रेसष्ट."

पाढा तर पाठ होता. त्रेसष्टमधला 'त्रे' आधी कानावर पडतो, म्हणून घाईत ३ आधी दाबला गेला. इंग्रजीत 'सिक्स्टी थ्री' म्हणताना सहा आधी येतो, लिहितानाही तोच आधी. मराठीत बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक' असे वाचन जोडीला दिले, त्यामागे हीच अडचण होती. त्यावरून महाराष्ट्रात केवढा वाद झाला! समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांना बरीच टीका ऐकावी लागली. मला स्वतःला जुने शब्द सोडवत नाहीत, पण अडचण खोटी नव्हती.

बडोद्यात तर तीन भाषा. ८९ ला घरी आजी एकोणनव्वद म्हणते, खंडेराव मार्केटात भाजीवाला नेव्यासी म्हणतो आणि संगणक इंग्रजी बोलतो. 'एकोण' म्हणजे एक कमी, नव्वदला एक कमी, हे मुलांना एकदा उलगडून सांगितले की पुष्कळ सोपे जाते.

खेळ बंद करायचा आमचा विचार नाही. खेळाला चूक दिसते, चुकीचे कारण दिसत नाही. म्हणून आता एका संगणकावर दोघे बसतात. एकाने उत्तर मोठ्याने म्हणायचे, पाटीवर लिहायचे, मग दुसऱ्याने टाइप करायचे. वेळ लावणारे घड्याळ शक्यतो बंद. गुण कमी मिळतात, मुले थोडी कुरकुरतात. घरी मोबाइलवर खेळताना आपणही "किती गुण मिळाले?" ऐवजी "कसे काढलेस?" असे विचारावे, ही विनंती.

चौथीच्या मुलांसाठी सुट्टीत एक बिनसंगणकाचा खेळ. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर गुरुजींनी तो शोधला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ६१७४ च येत राहते. शून्य आले तर तेही मांडायचे, गाळायचे नाही. आपापली संख्या घेऊन किती पायऱ्या लागल्या ते वहीत लिहून आणा. सातपेक्षा जास्त लागल्या, तर कुठेतरी हातचा चुकला आहे.