भिंतीतल्या भेगा

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लेवीय 14:33-48, आमोस 5:19



मागच्या अंकात पाड्यांवरील घरदुरुस्तीसाठी आवाहन केले होते. आपण मनापासून प्रतिसाद दिलात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका बंधूंनी तर यंत्रांच्या पॅकिंगमधून निघणारे थर्माकोलचे तक्ते फुकट द्यायची तयारी दाखवली. भिंतींना आतून लावले की थंडी, वारा आणि किडेमुंग्या, सगळेच अडेल, असा त्यांचा हेतू. आम्ही ते तक्ते भिंतींसाठी घेतले नाहीत. कारण दोन ओळींत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून या वेळचा अभ्यास त्यावरच.

लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराला पडलेल्या चट्ट्याविषयी नियम आहेत. उपदेशासाठी हा भाग सहसा कोणी निवडत नाही. वाचतानाही आपण पुढे सरकतो. पण क्रम पाहा. घरमालक याजकाकडे येऊन सांगतो, माझ्या घरात काहीतरी दिसते आहे. याजक आत जाण्याआधी घर रिकामे करायला लावतो, म्हणजे आतले सामान अशुद्ध ठरू नये. गरिबाची भांडीकुंडी वाचावीत ही काळजी मला त्यात दिसते. मग हिरवट किंवा तांबूस डाग भिंतीत खोल गेला आहे का ते तो पाहतो. घर सात दिवस बंद ठेवतो, पुन्हा येऊन पाहतो. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढायचे, आतून सगळीकडे खरवडायचे, दुसरे दगड बसवायचे, नवा गिलावा करायचा, आणि परत पाहायचे. डाग झाकायला कुठेच सांगितलेले नाही.

आमोस संदेष्टा तर एका वचनात आपल्या पालघर जिल्ह्याचेच चित्र काढतो असे वाटते. सिंहापासून पळालेला माणूस अस्वलाच्या पुढ्यात येतो. तिथूनही सुटून घरी पोचतो, भिंतीला हात टेकतो, आणि भिंतीतला साप त्याला डसतो. संदेष्टा बोलतो आहे परमेश्वराच्या दिवसाविषयी, घरबांधणीविषयी नव्हे. तरी भिंतीत साप असतो हे त्याच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नाही. आमच्या पाड्यांवरही लागत नाही.

आता आपल्याकडच्या भिंतीकडे येऊ. वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांची जुनी भिंत म्हणजे कुड. कारवीच्या काठ्या किंवा बांबूच्या कामट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती, भाताचा तूस घालून लिंपायचे. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग वाळते. त्या वाळलेल्या काठ्या कुडाला चांगल्या. ज्या वारली चित्रांच्या छापील प्रती आपण बैठकीच्या खोलीत लावतो ती मुळात याच लिंपलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली असतात. कुड हलका असतो, हा आणखी एक गुण. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा विटांच्या भिंतींना तडे गेलेली घरे सोडून लोक बाहेर झोपत होते. कुड पडला तरी माणूस चिरडत नाही.

कुडात दोष नाहीत असे नाही. मातीत रोवलेले काठ्यांचे टोक वाळवी खाते. लिंपण तडकले की त्या फटीत विंचू, झुरळे, ढेकूण राहायला येतात, आणि जव्हार-मोखाड्याच्या बाजूला डिसेंबरच्या रात्री त्याच फटींतून वारा लहान मुलाच्या छातीवर येतो. पण दरवर्षी पाऊस संपल्यावर घरची बाई ती भिंत हाताने चाचपते, वाळवीची मातीची नळी दिसली की खरवडते, भोक बुजवते, पुन्हा लिंपते. लेवीयातला याजक जे करतो तेच ती दरवर्षी करते.

थर्माकोलची अडचण इथेच आहे. उष्णता अडवण्यात तो विटेपेक्षा जवळजवळ वीसपट सरस आहे, हे मान्य. पण उंदीर त्याला सहज कुरतडतो, मुंग्या त्यात घर करतात, आणि तक्ता व भिंत यांच्यामधली पोकळी कोणालाच दिसत नाही. तिथे उंदराची पिल्ले वाढली की त्यांच्या मागे साप येतो. शिवाय एकाच खोलीत चूल पेटते. थर्माकोल लगेच पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कारखान्यातून निघालेला फोम, पिशव्या, पिंपे यांना आमचा आणखी एक नकार आहे. आधी त्यात कोणते रसायन होते ते पाड्यावर पोचेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. देणाऱ्याचे मन चांगले असते, पण मुले त्यालाच टेकून झोपतात.

म्हणून आम्ही निवडताना एवढेच विचारतो : घरच्या माणसाला हे उघडून पाहता येईल का, आणि गावात मिळणाऱ्या वस्तूंनी दुरुस्त करता येईल का?

पत्र्याच्या घरांना हाच प्रश्न लावा. बोईसर-तारापूरभोवतीच्या चाळींत आणि पाड्यांवर आता पत्रा सर्रास आहे. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. पत्र्याखाली पक्के छत ठोकले तर वर उंदरांना माळा मिळतो. त्यापेक्षा बांबूची चटई दोरीने बांधावी, सोडून झटकता येते. पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन बरेच परतते, मात्र पावसानंतर तो पुन्हा द्यावा लागतो. तूस पोत्यात भरून छतावर ठेवायचा असेल तर आधी नीट पाखडून घ्यावा. त्यात दाणे राहिले तर उंदरांना जेवणच वाढल्यासारखे होते.

वारा अडवताना एक सावधगिरी. वळचणीखालची फट बुजवू नये. चुलीचा धूर तिथूनच जातो, आणि ती बंद केली तर थंडी वाचेल पण बाळाला खोकला लागेल. तिथे बारीक लोखंडी जाळी लावावी. खाली मात्र सगळे घट्ट हवे : जोत्यालगतची भोके, दाराच्या उंबऱ्याखालची फट, कुडाचा कोपरा. अर्ध्या सेंटीमीटरहून थोड्या मोठ्या फटीतूनही लहान उंदीर आत येतो. भोकात दगडाचे तुकडे ठोकून वरून माती लिंपावी. नुसती माती तो रात्रीत उकरतो. कणगी भिंतीपासून हातभर दूर, दगडांवर ठेवावी.

भिंत कितीही चांगली असली तरी जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात. अशा वेळी भगताकडे जाण्यात एक तासही घालवू नये, आणि आपल्या विश्वासणाऱ्यांनीही प्रार्थना रुग्णालयाच्या वाटेवरच करावी. बाज आणि अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी यांनी हा धोका पुष्कळ कमी होतो.

सरकारी घरकुले आता वाढत आहेत, कातकरी कुटुंबांसाठी पंतप्रधान जनमन योजनेत दोन लाख रुपये मिळतात. पक्के घर हवेच. पण तिथेही पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट, दाराखालची फट तशीच राहते; ठेकेदार निघून गेल्यावर ती कोणी पाहत नाही.

आमच्याकडे कामाचे दिवस थोडेच असतात. ऑक्टोबरमध्ये भात कापणी, दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्टीवर निघतात आणि घर उन्हाळा संपेपर्यंत बंद राहते. वाळवी व उंदीर यांना त्याहून चांगली संधी नाही. कापणी आणि भट्टी यांच्यामध्ये लिंपणाचे काम उरकायचे असते. गुरे कमी झाल्याने शेणही पूर्वीसारखे मिळत नाही. तेव्हा ज्यांना द्यायचे आहे त्यांनी या वेळी जाळी, मच्छरदाण्या, आणि लिंपणाऱ्या बायकांची दोन दिवसांची मजुरी यांसाठी द्यावे. थर्माकोल देऊ करणाऱ्या बंधूंनी जाळीचे दोन गुंडाळे पाठवले आहेत. वळचणी मोजायला आम्ही पुढच्या आठवड्यात पाड्यावर जात आहोत.