‘उदास’ या विशेषणाचा अर्थ

पोथीत ‘उदास’ हा शब्द आला की आजचा वाचक थबकतो. घर उदास दिसते, मन उदास होते, अशा बोलण्याची सवय जडल्यामुळे साधूचे हे विशेषण त्यास खिन्नतेचे वाटते. नव्याने अनुसरलेला एखादा साधक तर मुद्रा म्लान ठेवणे हेच वैराग्य समजून बसतो. शब्दाचा अर्थ चुकला म्हणजे आचारही चुकतो.

‘उद्’ म्हणजे वर, वेगळे. ‘आस्’ म्हणजे बसणे. जो वेगळा बसला तो उदासीन. दोघांच्या कलहात कोणाचाही पक्ष न घेणारा, हा त्याचा लौकिक अर्थ. कौटिल्याने राजमंडलातील एका राजास हीच संज्ञा दिली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकातही तो शत्रुमित्रांच्या पंक्तीत याच अर्थाने येतो.

खरा उलगडा बाराव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात होतो. तेथे भगवान श्रीकृष्णांनी भक्ताचे वर्णन करताना ‘उदासीन’ याच्या अलीकडे ‘दक्ष’ व पलीकडे ‘गतव्यथ’ ही विशेषणे ठेविली आहेत. दक्ष आहे, म्हणून तो आळशी नव्हे; व्यथा गेली आहे, म्हणून तो खिन्नही नव्हे. एवढ्या शेजाराने दोन्ही भ्रम फिटावेत! त्याच अध्यायाच्या तेराव्या श्लोकात करुणाही सांगितली आहे, हे विसरून चालणार नाही. कारण दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविणे आणि त्यास उदासीनता म्हणणे, ही खिन्नतेहूनही मोठी चूक आहे, आणि ती जाणत्यांकडूनही घडते. लीळाचरित्रात श्रीचक्रधरस्वामींनी आश्रयास आलेल्या सशाचे पारध्यांपासून रक्षण केल्याची लीळा आहे. संबंधत्याग निरूपणाऱ्या स्वामींनीच तो ससा पारध्यांच्या हाती दिला नाही. सूत्रपाठात स्वदेश, स्वग्राम व आप्त यांचा संबंध सोडावयास सांगितले आहे. त्याग ममत्वाचा आहे, दयेचा नव्हे.

प्रयोगाची एक खूण ध्यानी ठेवण्याजोगी आहे. वैराग्यवाचक ‘उदास’ कशाविषयी, हे वाक्यात उघड किंवा अध्याहृत असतेच: ‘देहाच्या ठायी उदास’, ‘मानाविषयी उदास’. खिन्नतावाचक शब्दास अशा विषयाची गरज नसते. माणूस नुसताच उदास होतो. भिक्षेत रुचकर अन्न आले काय, शिळे आले काय, त्याविषयी जो उदास, तो प्रसन्न मुखाने भोजन करून अटनास निघतो. पोथीत हा शब्द आढळताच प्रथम ‘कशाविषयी?’ असे विचारावे, आणि उत्तर त्याच ओळीत नसल्यास मागील ओळ पाहावी.