शिवणयंत्राची सफाई : घ्यावयाची दक्षता

आपल्या अनेक भगिनींचा संसार शिवणयंत्रावर चालतो. बोटात सुई घुसली, तर मजुरी बुडते. म्हणून सफाईपूर्वी मोटारीचा प्लग काढावा, पायमशीन असल्यास चाकावरचा पट्टा उतरवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पायडलवर चुकून पाय पडला तरी सुई खाली येते.

प्रथम सुई काढावी. नंतर बॉबिन केस काढून दात्यांतील कचरा ब्रशने झाडावा. फुंकल्यास तो डोळ्यांत जातो. मशीनचेच तेल प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब सोडावे. खोबरेल घट्ट होऊन यंत्र जड चालते. चाक हाताने फिरवून पाहावे व सर्व भाग बसवून प्रथम चिंधीवर टीप घालावी.

मोडक्या सुया झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. घरात रांगती मुले असतात, हे आपण विसरू नये.