हवामानाचे ज्ञान घरच्या भाषेत

हवामानबदल ही आता केवळ शास्त्रज्ञांच्या विचाराची बाब राहिलेली नाही. पेरणी, पाणीपुरवठा व आरोग्य यांच्याशी तिचा निकटचा संबंध आहे. तथापि या विषयाचे मूळ ज्ञान मोजक्याच भाषांत उपलब्ध आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरशासकीय हवामानबदल मंडळाचे विस्तृत अहवाल प्रामुख्याने इंग्रजीत असतात. धोरणकर्त्यांसाठीचे सारांश संयुक्त राष्ट्रांच्या ६ अधिकृत भाषांत निघतात. त्यांत मराठी नाही, तशी फार्सीही नाही.

ही उणीव अमेरिकेतील सोफिया कियानी या इराणी वंशाच्या विद्यार्थिनीला आपल्या कुटुंबातच जाणवली. तेहरानमधील आप्तांना तापमानवाढीची फारशी माहिती नव्हती. आईच्या साहाय्याने तिने ती फार्सीत उतरवली. पुढे २०२० साली तिने 'क्लायमेट कार्डिनल्स' ही संस्था स्थापन केली. तरुण स्वयंसेवकांच्या बळावर या संस्थेचे भाषांतरकार्य १०० हून अधिक भाषांत पोहोचले आहे.

मात्र शब्दाला शब्द ठेवल्याने अर्थ पोहोचतोच असे नाही. मराठीत आजच्या पावसालाही 'हवामान' म्हणतात व ३० वर्षांच्या सरासरीलाही. त्यामुळे 'हवामानबदल' म्हणजे रोजचाच फेरफार, असा समज होऊ शकतो. 'हरितगृह' म्हटले की शेतकऱ्यापुढे ढोबळी मिरची वा फुले पिकविणारे प्लॅस्टिकचे छत उभे राहते. मग हरितगृह वायू अपायकारक कसे, हे त्याला उमगत नाही. येथे गोधडीचे उदाहरण उपयोगी पडते. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कार्बन डायऑक्साइड व मिथेन हे वायू तापलेल्या पृथ्वीची उष्णता असेच अडवतात. काही ऊब जीवसृष्टीस आवश्यकच आहे. परंतु कोळसा व खनिज तेल जाळल्याने ही गोधडी जाड होत चालली आहे.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली व पावरी, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांना तर मराठीही शाळेतच शिकावी लागते. तेथे वरच्या वर्गांतील विद्यार्थीच उत्तम दुभाषे ठरू शकतात. शिक्षकांनी १० मूळ कल्पना निवडाव्यात. विद्यार्थ्यांनी त्या घरी वडीलधाऱ्यांना बोलीत समजावून सांगाव्यात व त्यांनी सुचविलेले शब्द टिपून आणावेत. शास्त्रीय अर्थ ढळला नाही ना, हे शिक्षकांनी तपासावे आणि सिद्ध झालेला मजकूर ग्रामसभेत वाचला जावा. उष्णतेच्या लाटेचा इशारा समजला, तरच तो पाळला जाईल.