खांबापासून पॅनलपर्यंत: तार कोणाची, खर्च कोणाचा

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडे विजेची चौकशी केली, की गाडी हटकून मिक्सरवर येते. सल्ला चुकीचा नाही. साध्या सॉकेटला इथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. तिकडून आणलेला मिक्सर इथे चालणार कसा? पण घर विकत घेणाऱ्याला मोठा भुर्दंड पडतो तो ट्रान्सफॉर्मर आणि घरातला पॅनल यांच्या मधल्या तारांमुळे. या टप्प्यातले शब्द इलेक्ट्रिशियनच्या कोटेशनमध्ये, होम इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये आणि वीज कंपनीच्या पत्रात धडाधड येतात. त्यातला पहिला समजून घ्यायचा शब्द ‘सर्व्हिस पॉइंट’ हा आहे, असं माझं मत आहे. वीज कंपनीची यंत्रणा जिथे संपते आणि घराचं वायरिंग जिथे सुरू होतं, तो जोड म्हणजे सर्व्हिस पॉइंट. बाकीचे शब्द त्याच्या या बाजूचे की त्या बाजूचे, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

गावाकडे ज्याला आपण सरसकट डीपी म्हणतो, तो ट्रान्सफॉर्मर इथे खांबावर टांगलेला असतो किंवा अंगणाच्या कडेला हिरव्या पेटीत असतो. त्यातून घराकडे दोन गरम तारा आणि एक न्यूट्रल येते. दोन गरम तारांमध्ये २४० व्होल्ट, कुठलीही एक आणि न्यूट्रल यांच्यात १२०. खांबावरून हवेतून येणारी कंपनीची तार ती सर्व्हिस ड्रॉप, जमिनीखालून येणारी ती सर्व्हिस लॅटरल. हवेतली तार छपराजवळच्या उभ्या पाइपाच्या टोपीपाशी, म्हणजे वेदरहेडपाशी, घराच्या तारांना जोडलेली असते आणि बहुधा तोच सर्व्हिस पॉइंट ठरतो. तिथून खाली मीटरपर्यंत आणि पुढे मेन ब्रेकरपर्यंत जाणाऱ्या तारा सर्व्हिस एन्ट्रन्सच्या. मेन ब्रेकरच्या पुढे दुसऱ्या पॅनलकडे जाणारी तार फीडर, आणि शेवटच्या ब्रेकरपासून दिव्यांपर्यंत, सॉकेटपर्यंत जातं ते ब्रँच सर्किट.

या हद्दीची किंमत वादळात कळते. झाडाची फांदी पडून तार ओढली गेली आणि तिच्यासोबत पाइप वाकला, मीटरची पेटी भिंतीतून उचकटली, तर कंपनीची माणसं येतात, वीज तोडून जागा सुरक्षित करतात आणि निघून जातात. यात कामचुकारपणा नसतो. मीटर कंपनीचा असला तरी तो बसतो ती पेटी आणि वेदरहेडचा पाइप बहुतेक ठिकाणी घरमालकाचा असतो. तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून, गावाच्या इन्स्पेक्टरची मंजुरी मिळाल्यावरच जोडणी परत मिळते. तोवर घरात अंधार. जमिनीखालच्या तारेचं त्रांगडं वेगळंच. काही कंपन्या मीटरपर्यंतची तार स्वतःची मानतात. काही ठिकाणी हिरव्या पेटीपासूनच ती घरमालकाची. खणण्याआधी ८११ ला फोन केला की खुणा करून मिळतात, पण त्या साधारणतः कंपन्यांच्या तारांच्या. तुमच्या मालकीची तार त्यात येईलच असं नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं इलेक्ट्रिशियनला ठाऊक असतं, आपण कशाला डोकं शिणवायचं? त्याला ठाऊक असतं, पण कोटेशनवर सही तुमची असते. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरसाठी ‘२०० ॲम्प अपग्रेड’चे दोन भाव मागवा. एकात फक्त पॅनल बदललेला असतो, दुसऱ्यात मीटरची पेटी, सर्व्हिस एन्ट्रन्सच्या तारा आणि अर्थिंगसुद्धा. पहिला स्वस्त दिसणारच. पण मागच्या तारा १०० ॲम्पच्याच राहिल्या, तर पॅनलच्या दारावर २०० लिहून घराची ताकद वाढत नाही. उलट एवढा मोठा मेन ब्रेकर त्या तारांना वाचवू शकत नाही. दुसरं उदाहरण घराबाहेरच्या डिस्कनेक्टचं. अग्निशमन दलाला बाहेरूनच वीज तोडता यावी म्हणून राष्ट्रीय विद्युत संहितेने २०२० च्या आवृत्तीपासून नव्या घरांना तो लागू केला आहे. बाहेरचा डिस्कनेक्टच सर्व्हिसचा मुख्य डिस्कनेक्ट धरला, तर आतला पॅनल सब-पॅनल होतो. मग दोघांमधली तार फीडर ठरते, तिला साधारणतः तीनऐवजी चार तारा लागतात आणि आतल्या पॅनलमध्ये न्यूट्रल व ग्राउंड वेगळे करावे लागतात. एका शब्दाच्या बदलाने कामही वाढतं आणि बिलही.

दुसरा आक्षेप भाडेकरूंचा: घर आपलं नाही, तर हद्दीशी देणंघेणं काय? खर्चाशी नाही, सुरक्षिततेशी आहे. फ्रिज सुरू होताच काही दिवे मंदावत असतील आणि त्याच क्षणी काही नेहमीपेक्षा जास्त प्रखर होत असतील, तर न्यूट्रलचा जोड सैल झाल्याची दाट शक्यता असते. मग १२० च्या सॉकेटवर त्याहून बरंच जास्त व्होल्टेज चढून टीव्ही-कॉम्प्युटर जळू शकतात. अशा वेळी घरमालकाच्या उत्तराची वाट पाहू नका, आधी वीज कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन करा. आणखी एक ध्यानात ठेवा: मेन ब्रेकर बंद केला तरी त्याच्या आधीच्या तारा जिवंतच असतात. तिथे घरातला कोणताच ब्रेकर संरक्षण देत नाही; त्यांच्या मागे असतो तो थेट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा कंपनीचा फ्यूज. हाताने चार कामं करण्याची हौस पॅनलच्या झाकणाबाहेरच ठेवावी, आणि मीटरच्या सीलला तर हातही लावू नये.

गावोगावच्या कंपन्यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव, कितीही कळकळीने सांगितलेला असला, तरी तुमच्या घराला लागू होईलच असं नाही. घराचा सौदा पक्का करण्याआधी वीज कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: या पत्त्याचा सर्व्हिस पॉइंट कुठे आहे? उत्तर आलं की ते घराच्या कागदपत्रांत ठेवा.