छपराआधी भिंतीतली भोकं बघ

चि. भाच्यास,

बंगल्याच्या बाजूला गाडीसाठी शेड टाकतोयस, हे बरंच झालं. फॅब्रिकेटर तुला खांबांची जाडी विचारेल, पत्रा साधा की पॉलिकार्बोनेटचा तेही विचारेल. पण त्या भिंतीतून काय काय बाहेर पडतं, हे काही तो विचारणार नाही. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप, बाथरूमचा एक्झॉस्ट आणि गॅस गिझरची नळी, ही तिन्ही तोंडं आज उघड्यावर आहेत. छप्पर चढलं की जागची न हलताही ती छपराखाली येणार. म्हणून आधी हवेच्या वाटा ठरव, खांब मागाहून.

तू म्हणशील, तीन बाजू उघड्या असताना धूर कोंडेल कशाला? पण पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून पत्र्याचा उतार घरापासून लांब देतात. म्हणजे त्याची उंच कड नेमकी घराच्या भिंतीला टेकते आणि पाणी झिरपू नये म्हणून तिथली फट बुजवतात. गरम हवा वर चढून त्याच कोपऱ्यात अडकते. पहिल्या पावसात झड आत आली की बाजूला ताडपत्री लागते, पुढे कधीतरी शटरही. उघड्या बाजूंच्या भरवशावर राहू नकोस. चिमणीची वाफ तिथे थंड झाली की गाडीच्या काचेवर तेलकट थर धरतो, आणि तो वायपरने निघत नाही, नुसता पसरतो.

हे निदान दिसतं तरी. गिझरमधून येऊ शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गाडीच्या धुरातही हाच वायू असतो. तेव्हा गिझरची नळी स्वतंत्रपणे छपराच्या वर ने. ते जमत नसेल तर गिझरच मागच्या मोकळ्या बाजूला हलव, नाहीतर सरळ विजेचा घे. एका भोकाचा खर्च वाचतो म्हणून प्लंबर गिझरची नळी चिमणीच्या पाइपात जोडून देतो म्हणाला, तर अजिबात ऐकू नकोस.

शिवाय चिमणी हवा नुसती बाहेर टाकत नाही, तेवढीच कुठून तरी आत ओढते. तासाला 1000 घनमीटर असं खोक्यावर छापलेलं असतं. पाइपाच्या वळणांमुळे प्रत्यक्षात निम्मं धरलं तरी दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतली हवा साधारण साडेतीन मिनिटांत बदलते. खिडक्या लावलेल्या असतील तर ही भरपाई शेडकडच्या दाराच्या फटीतून होणार, आणि तिथे कोणी गाडी चालू ठेवून उभं असेल तर तिचा धूर थेट फोडणीपर्यंत येईल. गिझरच्या नळीतूनही हवा उलटी येऊ शकते. चिमणी चालू असताना मागची खिडकी उघडी राहील असं बघ, आणि त्या दाराला खालून रबरी पट्टी लाव.

बिनपाइपची चिमणी घेऊन मोकळं व्हावं, असंही मनात येईल. तिचा कोळशाचा फिल्टर वास धरतो, वाफ आणि ज्वलनाचे वायू नाही. त्यापेक्षा आहे तोच सहा इंची पाइप भिंतीलगत छपरावर चढव, वरच्या खिडकीपासून दूर. वळणं जितकी कमी तितकं बरं. चार इंचांवर आणू नकोस, आणि उभ्या पाइपाच्या तळाशी साचलेलं तेल काढायला झाकण ठेव. पत्र्यातलं भोक आधी आखलं तर फॅब्रिकेटर तिथे नीट कॉलर बसवतो. नंतर पाडलं तर दर पावसाळ्यात डांबर लावत बसावं लागतं.

इसार देण्याआधी एकदा भिंतीवर खडूने तिन्ही वाटा आखून मला फोटो पाठव.

तुझा,
मामा